लॅटिन नको, संस्कृतही नको

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी झाला. त्यानंतरच्या काळात त्यांचा आणि सिस्टर जेराल्डिन यांचा एका क्रुसावरून वाद झाला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असत. रमाबाईंचं म्हणणं असं की आपल्या क्रुसावर अक्षरं हवीच असतील तर ती संस्कृत असावीत. संस्कृत देवांची भाषा आहे किंवा पवित्र आहे असा त्यांचा दावा नव्हता. आपल्या देशातली ती सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा आहे, एवढंच. आणि लॅटिनमध्ये असं काय आहे की जे संस्कृतमध्ये नाही, हा उलट प्रश्न.

वीसेक वर्षांनंतर हीच बाई केडगावात बसून मराठी बायबलमधले संस्कृत वळणाचे शब्द एकेक करून काढत होती.

या दोन प्रसंगांमध्ये काय घडलं याचं कुतूहल मला बरेच दिवस आहे. मी ख्रिस्ती नाही, धर्माचा अभ्यासकही नाही. पण मराठी पुस्तकांमधून आपल्याला भेटणाऱ्या रमाबाई साधारण १८८९ला, शारदा सदन उघडून, संपतात. त्यापुढची तेहतीस वर्षं एका परिच्छेदात गुंडाळलेली असतात: दुष्काळ, मुक्ती मिशन, बायबलचं भाषांतर, निधन. सुधारकांच्या यादीत त्यांना बसवणाऱ्यांना ही शेवटची वर्षं अडचणीची वाटतात. बंडखोर विदुषी पुढे 'भाविक' झाली, म्हणजे तिचं शिकणं थांबलं, असं न बोलता गृहीत धरलं जातं. मला हे पटत नाही. रमाबाईंच्या बाबतीत बाप्तिस्मा ही शेवटची परीक्षा नव्हती. शिकायच्या सगळ्यांत अवघड गोष्टी त्यानंतर आल्या.

*

कोणी काय वाचायचं हा प्रश्न डोंगरे कुटुंबात रमाबाईंच्या जन्माआधीपासून होता. वडील अनंतशास्त्री. पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात, आणि तिच्या तोंडून संस्कृत ऐकल्यावर आपल्या बायकोलाही हे आलं पाहिजे असं या तरुणाच्या मनानं घेतलं. घरच्यांच्या विरोधामुळे ते लगेच जमलं नाही. दुसऱ्या लग्नानंतर लक्ष्मीबाईंना त्यांनी खरोखरच शिकवलं. पुढे उडुपीला शास्त्र्यांच्या सभेत त्याबद्दल जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे आधार काढून दाखवले. मात्र त्यांच्या या बंडालाही एक सीमा होती. स्त्रियांना पुराणं आणि काव्यं वाचायचा अधिकार आहे असं ते मानत, वेदांचा नाही.

१८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात जन्मलेल्या रमेला आईनं शिकवलं. पुस्तकं कमी आणि पाठांतर फार. तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरलं आणि सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं जवळजवळ संपलं. आई, वडील, थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ला कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या 'साक्षी'त मात्र कलकत्त्याचं महत्त्व वेगळ्याच कारणानं आहे. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेदाची प्रत दिली आणि वाचा म्हणाले. त्या बिचकल्या, कारण वडिलांनीही ती रेघ ओलांडली नव्हती. तोवर पाठ केलेल्या हजारो श्लोकांनी त्यांना पदवी मिळवून दिली होती, पण त्या वाचनात हा प्रश्न कधी आला नव्हता. धर्मशास्त्रं पुन्हा नीट वाचताना त्यांच्या लक्षात आलं की ग्रंथ आपसात कितीही भांडोत, एका मुद्द्यावर बहुतेकांचं एकमत आहे: स्त्री आणि शूद्र यांना या जन्मी, आहे त्या देहात, मुक्तीचा मार्ग नाही. विद्येनं त्यांना सभेत बसवलं होतं आणि त्याच विद्येतून कळलं की आपली जागा सभेबाहेर आहे.

*

इथून बाप्तिस्म्यापर्यंतचा रस्ता पाचेक वर्षांचा आहे आणि तो जवळजवळ सगळा पुस्तकांतून जातो. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न झालं. आसामातल्या सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. एक बाप्टिस्ट मिशनरी उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा समजावून सांगायला घरी येऊ लागला. मेधावींना ते फारसं रुचलं नाही. १८८२च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीनं वारले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

पुण्यात आल्यावर आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक आणि हंटर आयोगापुढची साक्ष, हे सगळं एकाच वर्षात झालं. त्याच वर्षी इंग्रजी शिकता शिकता मराठी नवा करार वाचून झाला आणि नीलकंठशास्त्री म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे यांची ओळख झाली. गोऱ्हे हे चित्पावन, काशीतले शास्त्री. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले होते. रमाबाईंना पटवू शकणारा माणूस असाच असायला हवा होता, ज्याला त्यांचे पूर्वपक्ष त्यांच्याइतकेच माहीत आहेत. पुढे इंग्लंडमध्ये मनाची शेवटची तयारी झाली ती गोऱ्ह्यांच्या लिखाणानं.

पण 'साक्षी'त त्या ज्या गोष्टीचा प्रभाव सांगतात ती पुस्तकातली नाही. लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टर्सचं एक घर होतं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना तिथे ठेवून घेत, माणसासारखं वागवत. असं काम त्यांनी आपल्या देशात पाहिलं नव्हतं. सिस्टर्सना याचं कारण विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवण्यात आली. ती बाई परक्या जातीची, नावाला डाग लागलेली, आणि ख्रिस्त तिच्याशी धर्मावर चर्चा करतो. चर्चा करतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसती दया दाखवली असती तर रमाबाई हलल्या असत्या की नाही, शंका आहे.

इंग्लंडमधल्या त्या दिवसांवर एक काळी सावलीही आहे. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजला आत्महत्या केली. त्यानंतर काही आठवड्यांत रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांचा संबंध जोडायचा मोह अनेकांना झाला आहे. मी तो टाळतो.

*

रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांची पत्रं १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केली. मूळ पत्रं इंग्रजीत आहेत. ती वाचताना पहिल्यांदा गंमत वाटते, कारण रमाबाई या ब्रिटिश जोगिणीला 'आजीबाई' म्हणतात. मग हळूहळू कळतं की या आजी-नातीत मोठी लढाई चालू आहे.

जेराल्डिन यांची समजूत साधी होती. बाप्तिस्मा झाला, आता नव्या ख्रिस्ती व्यक्तीनं चर्च शिकवील ते नम्रपणे शिकावं. रमाबाईंच्या घराण्यात असं शिकणं माहीतच नव्हतं. शिकणं म्हणजे प्रश्न, आधार, खंडन. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना जसाच्या तसा पटेना. अथनेशियसचा मतांगीकार म्हणायला त्या तयार नव्हत्या. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण कुठल्या पाद्र्याच्या किंवा बिशपच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द माझ्यावर बंधनकारक नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. ब्राह्मणांच्या हुकमातून मोठ्या कष्टानं सुटलेली बाई आता दुसऱ्या पुरोहितांच्या हुकमाखाली का जाईल?

चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी वाङ्मय शिकत. मूळ बेत वैद्यकीचा होता, पण ऐकू कमी येत असल्यानं तो सुटला. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं निघाल्यावर बिशपांनी हरकत घेतली. भारतात परतल्यावर लोक काय म्हणतील ही काळजी. हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही शास्त्र्याच्या तोंडी शोभलं असतं. रमाबाईंचा संताप पत्रातून आजही जाणवतो. छोट्या मनोरमेला धर्मातलं काय, किती आणि कोणी शिकवायचं यावरूनही कडाक्याचे वाद झाले. अशा वातावरणातच क्रुसाचं ते प्रकरण घडलं. म्हणून संस्कृतच्या आग्रहाकडे नुसता देशाभिमान म्हणून पाहू नये. माझ्या देवाशी माझं नातं तुमच्या भाषेतून, तुमच्या परवानगीनं का असावं, हा त्यातला प्रश्न होता.

अमेरिकेबद्दल इथे थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सर्वांना माहीत आहे. १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. फ्रोबेलच्या बालवाडीचं शिक्षण घेतलं, इंग्रजीत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, पैसे उभे केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. तिथली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे.

*

आता येतो तो भाग, जो मला सर्वांत कमी समजत होता.

१८९१च्या सुमाराला रमाबाईंनी विल्यम हॅस्लम नावाच्या अँग्लिकन धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचलं. हॅस्लमची गोष्ट विलक्षण आहे. हा कॉर्नवॉलमधला विद्वान पाद्री, चर्चच्या इमारती आणि विधी यांत रमलेला. १८५१ साली एका रविवारी प्रवचन देता देता त्याला स्वतःच्याच शब्दांनी गाठलं. व्यासपीठावर त्याच्यात होणारा बदल श्रोत्यांच्या लक्षात आला आणि पाद्रीबुवांचंच परिवर्तन झालं म्हणून चर्चमध्ये एकच ओरड झाली. म्हणजे इतकी वर्षं तो जे लोकांना शिकवत होता ते त्याला स्वतःला मिळालंच नव्हतं.

रमाबाईंनी या पुस्तकात स्वतःला पाहिलं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेली होती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त मिळाला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे कबूल करणं त्यांच्यासाठी किती अवघड गेलं असेल! ज्या धर्मासाठी पुण्यातला मान गमावला, त्याच्याबद्दलच असं म्हणायचं की मला तो बुद्धीला कळला होता, बाकी आत काही झालं नव्हतं. आणि हे कळलं तेही एका पुस्तकातूनच. अनंतशास्त्र्यांच्या मुलीला ग्रंथाच्या मर्यादाही ग्रंथानंच दाखवल्या.

पुरोगामी वाचकाला इथे त्यांचा हात सोडावासा वाटतो, आणि त्या काळच्या पुण्यानं सोडलाच. सदनात मुलींना आपापला आचार पाळायची मोकळीक होती, पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. केसरीनं झोड उठवली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. पालकांची बाजू अगदीच खोटी नव्हती, असं माझं मत. जी संस्था धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या बोलीवर उभी आहे तिच्या प्रमुखांचं उघडं दार हे निमंत्रणच असतं. रमाबाईंचं उत्तर होतं की मी माझी श्रद्धा लपवणार नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी हटता येत नव्हतं.

*

१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. लहानपणी उपाशीपोटी केलेली पायपीट आठवत होती, असं त्या सांगतात. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला आधी घेतलेली शेतजमीन होती. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली.

सदनातल्या ब्राह्मण विधवा आणि या मुली यांत जमीनअस्मानाचं अंतर होतं. अनेक जातींच्या, खेड्यापाड्यांतल्या, काहींची मराठीसुद्धा मायबोली नव्हती. विणकाम, शेती, दूध, तेलघाणा, छपाई, अंध मुलींसाठी बोटांनी वाचायची लिपी, असं सगळं तिथे शिकवलं जाई. अमरकोश म्हणणाऱ्या बाईनं हे सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं. आमच्या क्षेत्रात 'शिकत राहा' म्हणतात तेव्हा पुढच्या नोकरीसाठी शिका असा अर्थ असतो. इथे शिकणाऱ्या बाईला कुठली बढती मिळणार होती?

१९०५च्या जूनमध्ये मुक्तीत रिव्हायव्हल झाला. मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत, अंगात आग पेटल्यासारखं वाटतं म्हणत. सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली आणि तिचे पडसाद थेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत उमटले, म्हणून पेंटेकॉस्टल इतिहासात केडगावचं नाव येतं. मला स्वतःला अशा प्रसंगांबद्दल वाचताना अवघडायला होतं. पण एक गोष्ट दिसते. कोणाच्याही सभेत ज्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती त्या मुली इथे मोठ्यानं बोलत होत्या, आणि रमाबाईंनी त्यांना गप्प केलं नाही.

बायबलच्या भाषांतराचं काम याच सुमारास सुरू झालं. मराठीत बायबल होतं. श्रीरामपूरला कॅरीनं १८११मध्ये नवा करार छापला होता, आणि त्यानंतर मुंबईच्या मिशनऱ्यांनी पंडितांच्या मदतीनं संपूर्ण बायबल केलं होतं. रमाबाईंची तक्रार दुहेरी होती. एक, ही भाषा शिकलेल्यांची आहे, मुक्तीतल्या मुलीला ती कळत नाही. दोन, त्यातले संस्कृत शब्द आपल्यासोबत हिंदू कल्पना घेऊन येतात. ही अडचण प्रत्येक भाषांतरकाराची आहे. 'मोक्ष' म्हटलं की पुनर्जन्माचा फेरा मागून येतो, 'अवतार' म्हटलं की दहा जण रांगेत उभे राहतात. मिशनऱ्यांना हे शब्द पंडितांनी सुचवले होते. त्यांचं वजन किती ते रमाबाईंना बरोबर माहीत होतं.

मूळ पाहायचं तर हिब्रू आणि ग्रीक हव्यात. वय सत्तेचाळीसच्या आसपास, ऐकू कमी येतं, दोन हजार जणींची जबाबदारी. तरी त्या दोन्ही भाषा शिकल्या.

क्रुसावर संस्कृत मागणारी आणि बायबलमधून संस्कृत काढणारी यांत मला विरोध दिसत नाही तो यामुळे. वाँटेजला लॅटिननं त्या स्वतः बाहेर राहत होत्या. केडगावला संस्कृतनं दुसरं कोणी बाहेर राहत होतं, आणि ती भाषा या वेळी त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. लॅटिन नाकारायला बाणेदारपणा पुरला. जिच्यामुळे आपल्याला पदवी मिळाली ती भाषा दुसरीसाठी बाजूला ठेवायची, याला आणखी काही लागतं. ख्रिस्ती लोक त्याला आत्मिक वाढ म्हणतील. मला दुसरा चांगला शब्द सुचत नाही.

तरीही भाषांतर जमलं का? मूळ शब्दाला शब्द धरून ठेवायचा त्यांचा आग्रह इतका होता की वाक्यं बऱ्याचदा मराठी वळणाची राहत नाहीत. सोपे शब्द आणि अवघड वाक्यं, असं काहीसं झालं. चर्चमधून हे बायबल फारसं वापरात आलं नाही. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक अगदी उलट दिशेनं निघाले होते. ख्रिस्त मराठी माणसाला भेटायचा तर अभंगातून, तुकारामाच्या वाटेनं, असं त्यांचं मत. आणि मराठी चर्चमध्ये आज टिळकांची भजनं गातात. हिंदू गंध असलेला शब्द म्हणजे धोका, ही रमाबाईंची भीती मला अतिरेकी वाटते. त्या भीतीपायी मराठीतलं बरंच चांगलं सामान त्यांनी बाहेर ठेवलं. पण अभंग ऐकत वाढलेल्या माणसालाच टिळकांचा मार्ग घरचा वाटतो. वेदाच्या प्रतीला हात लावताना ज्यांचा हात थांबला होता त्यांना परंपरेचं घरपण इतक्या सहज कसं वाटावं?

१९२१च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. सगळं काम जिच्यावर सोपवायचं ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाई पुढचे आठ-नऊ महिने मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची मुद्रितं हातावेगळी होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी त्यांनी प्रार्थना केली होती आणि ती पुरी झाली, असं मुक्तीच्या आठवणींत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. नवा करार त्यांच्या हयातीतच निघाला होता. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवले होते, छपाई आणि बांधणीही त्यांनीच केली होती.